हलकीशी कुऱ्हाड

३ सप्टेंबर

अकरा वर्षांनी धाकट्याची चिठ्ठी आली. अक्षर वाकडं झालंय, ओळी मात्र अजून सरळ. जशीच्या तशी इथे उतरवून ठेवतो, कारण मूळ कागद आमच्या घरात कुठे जाईल याचा भरवसा नाही.

"दादा, प्रकृती बरी नाही. थंडी पडली की इकडचा रस्ता बंद होतो, त्याआधी ये. जमलं तर रानात तंबू टाकून चार दिवस राहू. तुला एक गोष्ट विचारायची आहे. येताना हलकीशी एक कुऱ्हाड घेऊन ये."

खाली सही नाही. मला दादा म्हणणारा एकच माणूस आहे, तेव्हा सहीची गरजही नाही.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवली. (ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, तरी कोण कोणाचं ते लिहून ठेवायची नोकरीतली सवय जात नाही.)

"भाऊजींनी बोलावलंय ना? मग उद्याच निघा," ही म्हणाली.

"आणि कुऱ्हाड?"

"चौकातल्या दुकानात टांगलेल्या असतात की."

"हलकी हवीय त्याला. म्हणजे हातात जोर उरला नसणार. तसली चौकात मिळत नाही."

हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

धाकटा आता रानाच्या कडेला तंबूंची छावणी चालवतो. शहरातली माणसं जातात, दोन रात्री शेकोटीपाशी बसतात आणि पाठ दुखली म्हणत परत येतात. हे सगळं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलेलं. काय विचारायचं असेल त्याला? मला ठाऊक आहे काय ते. पण बघू. आधी कुऱ्हाड.

५ सप्टेंबर

मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण बाजारात अजून मला 'ग्रॅमसाहेब' म्हणतात, आणि मी दुकानात शिरलो की लोक आधी आपल्या काट्याकडे बघतात. हत्यारांच्या दुकानदारानेही बघितलं.

"हलकी कुऱ्हाड दाखवा," मी म्हणालो.

त्याचं तोंड कडू झालं. "साहेब, हलका माल आम्ही ठेवतच नाही. हे सगळं एक नंबरचं पोलाद आहे."

"अहो, वजनाने हलकी."

"असं होय! मग तसं म्हणा ना."

मराठी बोलणाऱ्या माणसाला 'हलकी' या शब्दाचा एवढाही अर्थ लावता येऊ नये म्हणजे कमाल झाली. त्याने काढून दिलेली मी खिशातल्या काट्याला अडकवली. अकराशे चाळीस ग्रॅम. दांडा जाड, हातात मावेना. दुसरी नऊशे साठ. ही हातकुऱ्हाड म्हणे, पण हाताची कमी आणि कुऱ्हाडीचीच जास्त. आजारी माणसाने ही चार वेळा उचलली तर पाचव्यांदा खाटेवरच जाईल.

"नेणार कुठे?" त्याने विचारलं.

"रानात. शेकोटीची लाकडं फोडायला, तंबूच्या खुंट्या ठोकायला, वाटेतल्या फांद्या तोडायला."

"कोणासाठी?"

"भावासाठी."

"म्हणजे वखारवाले?" असं म्हणून तो उगाच मोळे निवडायला लागला. मी काही न घेता बाहेर आलो.

९ सप्टेंबर

काही गोष्टी स्पष्ट लिहून ठेवलेल्या बऱ्या. लोकांच्या डोक्यात अजून काहीबाही आहे.

धाकट्याची जळाऊ लाकडाची वखार होती. अकरा वर्षांपूर्वी बाजारातले सगळे काटे तपासायचे ठरले. त्याची वखार माझ्याच यादीत आली. मी ती मागून घेतली नव्हती, आणि टाळलीही नाही. वीस किलोचं प्रमाण वजन ठेवलं, काट्याने वीस किलो दोनशे दाखवलं. म्हणजे गिऱ्हाइकाला प्रत्येक वीस किलोमागे दोनशे ग्रॅम लाकूड कमी. मी काट्याला सील ठोकलं. दुसऱ्या कोणाच्या दुकानात केलं असतं तेच केलं. त्या वेळी वरिष्ठ माझ्यासोबत उभे होते, त्यांनीही शाबासकी दिली. सख्ख्या भावालाही सोडलं नाही म्हणून वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या. सहा महिन्यांत वखार बंद पडली. त्यात माझा काय दोष?

तो फक्त एवढंच म्हणाला होता, "दादा, तू म्हणतोस म्हणजे कमी असणार." आणि निघून गेला.

१२ सप्टेंबर

दुसऱ्या एका दुकानातून पोकळ लोखंडी दांड्याची आणली. सहाशे दहा ग्रॅम. वजन उत्तम. मागच्या अंगणात एक ओंडका आडवा टाकून दहा घाव घातले. अकराव्याला मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या. लोखंडी दांडा घाव पचवत नाही, सगळा हातात परत देतो. निरोगी माणसाचे हे हाल, तर त्याचं काय होईल. परत केली.

ही खिडकीत उभी राहून बघत होती. "अहो, कुऱ्हाड निवडताय की जावई?" म्हणाली. हसू आलं. पण हिला काय कळणार, हलकं निवडणं हेच अवघड. जड कुऱ्हाड आपल्या वजनानेच लाकडात शिरते. हलकीला घाव जास्त घालावे लागतात. म्हणजे फार हलकी दिली तरी तो दमणारच. मधलं काहीतरी हवं, आणि ते मधलं नेमकं कुठे, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

१८ सप्टेंबर

सापडली. हत्यारवाल्याकडेच, पण छापील यादीत. तिला 'टॉमहॉक' म्हणतात. पातं लहान, अरुंद. दांडा सरळ, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, लाकडाचा. गंमत म्हणजे दांडा वरून घालायचा, कुदळीला घालतात तसा. वरचं टोक जाड असल्यामुळे पातं निसटून पुढे उडत नाही, आणि रानात दांडा मोडला तर दोन टोले देऊन काढायचा, नवी फांदी तासून बसवायची. पाचर नको, खिळा नको. पात्याची मागची बाजू सपाट, तिने खुंट्या ठोकता येतात. एकूण वजन पाचशे ऐंशी ग्रॅम.

दुकानदार म्हणाला, "मागवायला तीन आठवडे लागतील साहेब. तोवर ती नऊशे साठवाली न्या. भाऊ काय, तुम्ही आलात यातच खूश होतील."

मी म्हणालो, "घाई नाही."

घरी येऊन पाहिलं तर चिठ्ठीत तसं लिहिलेलं नाही. पण थंडीला अजून अवकाश आहे.

२१ सप्टेंबर

धाकट्याला उत्तर लिहायला बसलो. 'तुझ्या कुऱ्हाडीची व्यवस्था होत आहे' इथपर्यंत लिहिलं.  तेवढंच पाठवलं.

२ ऑक्टोबर

छावणीवरून फोन आला. एक बाई होती. "मी इथला स्वयंपाक बघते. मालकांनी विचारलंय, निघालात का?"

"कुऱ्हाड यायची आहे," मी म्हणालो. "तो कसा आहे?"

"जेवण कमी झालंय. छातीत पाणी होतंय म्हणतात डॉक्टर. दिवसभर अंगणात खुर्चीवर बसतात, रस्त्याकडे तोंड करून."

"कुऱ्हाड उचलता येईल ना त्याला?"

 "तुम्ही या हो," ती म्हणाली.

छातीचा आजार म्हणजे दम लागणार. दम लागणाऱ्या माणसाला पाचशे ऐंशी जास्त होईल का? दुकानात जाऊन साडेचारशेची मिळते का विचारलं. नाही मिळत.

९ ऑक्टोबर

आली. खोक्यातून काढली आणि आधी काट्याला लावली. सहाशे तीन. पुन्हा लावली, सहाशे तीन. तिसऱ्यांदा, सहाशे तीन. छापील यादीत पाचशे ऐंशी आणि हातात तेवीस ग्रॅम जास्त. दांडा नीट वाळलेला नव्हता, दुसरं काय. परत पाठवायला सांगितली. दुकानदाराने कपाळाला हात लावला. "साहेब, तेवीस ग्रॅम म्हणजे अर्धी मेणबत्ती."

घरी हिला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "तीनदा तोललीत?"

"मग? नियमच आहे तो."

"हो ना," ही म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. माझं ताट वाढून दिलं आणि स्वतः नंतर जेवली. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतात ते खरं असावं.

१० ऑक्टोबर

रात्रभर मन खात होतं. कळलं ती काय म्हणाली ते. वखारीत एकदाच तोललं, हे त्या रात्री मीच हिला सांगितलं होतं.

लिहून टाकतो. नियम असा की काट्याचा पाटा आधी झाडून घ्यायचा, काटा शून्यावर आणायचा, मग प्रमाण वजन तीन वेळा ठेवायचं. धाकट्याच्या वखारीत त्या दिवशी ओली लाकडं उतरत होती. पाट्यावर सालीचे तुकडे चिकटले होते. मला दिसले होते. वरिष्ठ शेजारी उभे होते, हसून म्हणाले, "भावाची वखार ना ही?" त्यांनी तेवढंच विचारलं. मी पाटा झाडला नाही. एकदाच तोललं आणि सील काढलं खिशातून. झाडून पुन्हा तोललं असतं आणि काटा बरोबर निघाला असता, तर भावाला वाचवला असं म्हणाले असते सगळे. मला त्या म्हणण्याची भीती वाटली.

दोनशे ग्रॅम ओली साल म्हणजे काही फार नाही. दोन मुठी.

आणि हेही लिहितो, धाकटा लाकूड तोलून झालं की वर एक तुकडा फुकट टाकायचा. प्रत्येकाला. तो माझ्या अहवालात नाही.

जाऊन हे त्याला सांगायचं आहे. त्याच्या मनात हाच प्रश्न असणार. कुऱ्हाड आली की निघतो.

२४ ऑक्टोबर

दुसरी आली. पाचशे एकोणऐंशी. एक ग्रॅम कमीच. दुकानदार म्हणाला, "आता तरी जा साहेब. आणि जपून, पायावर मारून घेऊ नका."

अंगणात करून बघितली. सुरेख चालते. पण वीस घावांनी पातं दांड्यावर थोडं हललं. तासून बसवायला हवं. मी कधी लाकडाला हात लावलेला नाही, ते धाकट्याचं काम. काचेच्या तुकड्याने थोडं थोडं खरवडतोय. दोन दिवस लागतील.

"पिशवी काढू का तुमची?" हिने विचारलं.

"दांडा झाल्यावर."

"अहो," ही म्हणाली, "तुम्हाला जायला तोंड नाहीये, हे मला कळतं. पण तोंड काही दुकानात मिळत नाही." मग डोळे पुसत माझ्याशेजारी पायरीवर बसली. मी खरवडत राहिलो.

२७ ऑक्टोबर

बाईचा फोन. आता तो खुर्चीत बसत नाही. उद्या पहाटेच्या गाडीने निघतोय. हिने पिशवी पंधरा दिवसांपूर्वीच भरून ठेवली होती, कपाटात खालच्या कप्प्यात.

२९ ऑक्टोबर

पोचलो. गाडी, मग बस, मग एका दूधवाल्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर. शेवटची चढण पायी. छावणी रिकामी आहे, तंबू उतरवून घड्या घालून ठेवलेत. फक्त एक लाकडी खोली आणि मागे लाकडांची पडवी.

बाई बाहेर आली. पन्नाशीची, धीट डोळ्यांची. "झोपलेत आत्ता. बसा." मी पिशवीतून कुऱ्हाड काढली, कागद सोडला. तिने पाहिलं आणि मला पडवीत घेऊन गेली. भिंतीवर ओळीने कुऱ्हाडी टांगलेल्या. लहानापासून मोठीपर्यंत, सात. सगळ्यांना धार, सगळ्यांच्या दांड्यांना तेल.

"मग मला कशाला सांगितली?" मी म्हणालो.

"ते चिठ्ठी लिहीत होते तेव्हा मीही हेच विचारलं. म्हणाले, दादाला काम दिल्याशिवाय कुठे जाता येत नाही. नुसतं ये म्हटलं तर पाय निघायचा नाही त्याचा. म्हणून म्हटलं हलकीशी आण. म्हणजे कसलीही. साधी, वाटेत पहिल्या दुकानात मिळेल ती." मग म्हणाली, "तेव्हा चालत होते ते. तुम्हाला दाखवायला रानातली जागा झाडून ठेवली होती, तंबू टाकायला. चार वेळा झाडली. पानं पडत राहतात ना."

मी पडवीतच बसून राहिलो. छप्पन्न दिवस. मी मोजले.

संध्याकाळी तो जागा झाला. मला बघून हसला. "आलास." हात उचलायला गेला, उचलवेना. मी तो हातात घेतला. या हाताने तो ओंडका उचलून वजन सांगायचा आणि काटा तेच दाखवायचा. बोलायला दम पुरत नव्हता. मी हवेबद्दल बोललो, बसबद्दल बोललो. उद्या सांगतो.

३० ऑक्टोबर

सकाळी त्याने बाईला बाहेर पाठवलं. उशा लावून बसता झाला.

"दादा, एवढं एकच विचारायचं होतं. नक्की किती कमी होतं?"

मी म्हणालो, "कशात?"

"काट्यात रे." एका वाक्याला दोनदा थांबत होता. "मी रोज सकाळी काटा शून्यावर आणायचो. तरी तू म्हणालास म्हणजे कमी असणारच, तुझं तोलणं कधी चुकलं नाही. पण किती दिवस? कोणाकोणाला? बेकरीवाला रोज चार मण न्यायचा. ती कपडे उकळवणारी म्हातारी पाच किलो न्यायची, तिला पाच किलोसुद्धा पुरायचं नाही. मी तिला कमी देत होतो का? अकरा वर्षं तेच घोळतंय डोक्यात. जायच्या आधी आकडा कळला तर बरं. मी लबाड नव्हतो दादा, पण माझ्या हातून झालं."

मला वाटलं होतं तो मला जाब विचारेल. त्यासाठी मी तयारी करून आलो होतो. ह्याच्यासाठी नव्हती केली.

सगळं सांगितलं. सालीचं, वरिष्ठांचं, एकदाच तोलल्याचं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काटा बरोबर होता?"

"असेल."

"असेल की होता?"

"आता कसं सांगू? मी झाडून बघितलंच नाही. तो काटा भंगारात गेला."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

"कोणालाच माहीत नाही."

मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर." मी रडत होतो, ते लिहायला हरकत नाही.

त्याने स्वतःचा हात उलटा करून तळव्याकडे बघितलं, बराच वेळ. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दादा, जरा बाहेर बस."

३१ ऑक्टोबर

बाहेर बसलोय. कालपासून. झोपायला पडवीत जागा दिली बाईने, जेवणही इथेच आणून देते. सकाळी विचारलं, "आत येऊ का?" ती आत जाऊन आली. "थांबा म्हणाले."

दुपारी पुन्हा विचारलं. थांबा.

भिंत फळ्यांची आहे, आतलं ऐकू येतं. तो बाईशी बोलतो, थोडं थोडं. बेकरीवाल्याचा विषय निघाला होता. एकदा म्हातारीचा. बाई म्हणाली, "अहो, तुम्ही वर एक तुकडा टाकायचात ना सगळ्यांना?" त्यावर तो काय म्हणाला ते खोकल्यात कळलं नाही.

हिला फोन करून सांगितलं की भेट झाली, बोलणं झालं. "बरं वाटलं ना त्यांना?" हिने विचारलं. मी हो म्हणालो.

थंडी वाढलीय. बाईने घोंगडी दिली. संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने आत न जाताच मान हलवली.

१ नोव्हेंबर

सकाळपासून आतून बोलणं नाही. खोकला होता, तो दहाच्या सुमाराला थांबला. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. थांब म्हणाला होता.

अकरा वाजता बाई दारात आली. पदराने तोंड पुसलं. "गेले," म्हणाली. "या आता आत."

मी विचारलं, "शेवटी मला बोलावलं का त्याने?"

तिला हो म्हणता आलं असतं. मी कुठे पडताळून बघणार होतो.

"नाही," ती म्हणाली. "मी बोलावतेय."